साखळीला बांधलेला चंद्र

वीज गेली की माझ्या घरात एक चेंडू बोलू लागतो.

एरवी तो मुका असतो असे नाही. पण एरवी त्याच्या बोलण्यात इतकी खरखर असते की आत बातम्या चालू आहेत की कोणी पोहे भाजते आहे, ते कळत नाही. दोष त्याचा नाही. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायचा डबा असे सगळे मिळून मध्यम लहरींवर दिवसरात्र गोंधळ घालत असतात. पुण्यात गुरुवार हा वीज जाण्याचा वार. अशाच एका गुरुवारी दुपारी सोसायटीतले यच्चयावत चार्जर एकदम गप्प झाले आणि टेबलावरच्या चेंडूतून आकाशवाणीचे पुणे केंद्र इतके स्वच्छ ऐकू आले की मी दचकलोच. तबकडीवरचा काटा ८० या आकड्याच्या किंचित अलीकडे होता. ८० म्हणजे ८०० किलोहर्ट्झ. पुणे केंद्र ७९२ वर.

या चेंडूचे नाव पॅनापेट. पॅनासोनिकचे आर-७० हे मॉडेल. मोसंबीहून मोठा आणि पपनसाहून लहान असा प्लास्टिकचा गोळा, त्याला स्टेशन लावायची एक चकती, आवाजाची दुसरी आणि वर एक साखळी. साखळीच्या टोकाला कडी, म्हणजे बोटात अडकवून फिरायला निघावे. लाल, पिवळा, निळा अशा शाळकरी रंगांत तो विकला गेला. माझा पांढरा आहे, म्हणजे होता. आता त्याला साजूक तुपाचा रंग आला आहे.

आवाज नीट हवा असेल तर हा गोळा हातात धरून हळूहळू फिरवावा लागतो. आत फेराइटची एक कांडी असते, तीच त्याची एरियल. कांडीचे टोक केंद्राकडे झाले की आवाज बसतो, कांडी आडवी झाली की उठतो. कुठल्याही ट्रान्झिस्टरचे हेच आहे. पण चौकोनी रेडिओ फिरवताना आपण नुसता रेडिओ फिरवतो. गोळा फिरवताना मात्र पृथ्वीगोल फिरवून आपण आपले गाव शोधतो आहोत, असे वाटते. त्या वाटण्यासाठीच लोकांनी तेव्हा पैसे मोजले असावेत. मी तरी त्यासाठीच मोजले.

अशा वस्तू जमवणाऱ्यांची एक जमात जगभर आहे, आणि मी त्या जमातीचा अगदी मागच्या बाकावरचा सभासद आहे. या वस्तूंचा काळ ढोबळमानाने १९५७ ते १९७३, आणि त्यातही खरा बहर शेवटच्या पाच वर्षांचा. त्या काळातली हातात धरून न्यायची गाण्याची यंत्रे अवकाशयानासारखी, अंतराळवीराच्या शिरस्त्राणासारखी, उडत्या तबकडीसारखी दिसत. पॅनासोनिकचाच दुसरा एक रेडिओ आहे, आर-७२, ‘टूट-ए-लूप’. मिटलेला असताना तो जाडजूड बांगडीसारखा मनगटात घालायचा आणि पिळून उघडला की त्याचा इंग्रजी एस होतो, मग स्टेशनची तबकडी दिसते. माझ्या आईने तो एकदा घालून पाहिला. ‘‘तोडे घालायचे आम्ही, ते याच्यापेक्षा हलके असत,’’ म्हणाली आणि काढून ठेवला.

गोलच का? याचे उत्तर संग्राहक चटकन देतात: चंद्र, दुसरे काय. मला ते पुरेसे वाटत नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, तेव्हा पृथ्वीभोवती फिरू लागलेली ती पहिली वस्तू होती तरी काय? ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा, धातूचा एक गोळा. त्यात सेल, रेडिओ प्रक्षेपक, आणि मागे चार एरियल. सुमारे २० आणि ४० मेगाहर्ट्झवर तो ‘बीप बीप’ करी, आणि हौशी रेडिओवाले घरी बसून ते ऐकत. सेल संपले, तीनएक आठवड्यांत तो गप्प झाला. म्हणजे अवकाशयुगाची सुरुवातच मुळी सेलवर चालणाऱ्या गोल रेडिओने झाली. तो बोलणारा होता. तेरा वर्षांनी दुकानात आला तो ऐकणारा.

पण स्पुटनिक गोल असण्याला कारण होते. आत नायट्रोजन भरून दाब राखायचा होता, कमीत कमी पत्र्यात जास्तीत जास्त जागा हवी होती. पॅनापेटला असले एकही कारण नाही. सर्किटचा पत्रा चौकोनी, सेल लांबट, कांडी सरळ. हे सगळे गोळ्यात कोंबायचे म्हणजे लाडवाच्या डब्यात फूटपट्ट्या ठेवण्यासारखे. अर्धी जागा वाया जाते. गोळा खिशात राहत नाही, टेबलावर घरंगळेल म्हणून त्याला बूड सपाट करावे लागते. हातात न्यायच्या यंत्राला यापेक्षा गैरसोयीचा आकार शोधून सापडणार नाही.

आणि तरी तो खपला.

ठाण्याला एक निवृत्त गृहस्थ राहतात, व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. नाव छापायचे नाही, ही त्यांची अट. त्यांच्याकडे निळा पॅनापेट आहे, आणि तो त्यांनी जमवलेला नाही, विकत घेतलेला आहे; नवा, जपानमध्ये, १९७० साली. संग्राहकाला असा माणूस भेटणे म्हणजे इतिहासाच्या प्राध्यापकाला पेशव्यांचा कारकून भेटण्यासारखे. मी वही घेऊन गेलो.

त्या वर्षी ओसाकाला जागतिक प्रदर्शन भरले होते, १५ मार्च ते १३ सप्टेंबर. सहा कोटी चाळीस लाखांहून अधिक माणसे ते पाहून गेली. सर्वांत लांब रांग अमेरिकेच्या दालनापुढे, कारण आत चंद्रावरून आणलेला दगड ठेवला होता. यांची बोट कोबेला लागली होती, ओसाका तिथून जवळच.

‘‘मीही उभा राहिलो होतो की दगडाच्या रांगेत,’’ ते म्हणाले. ‘‘दोन तास झाले, रांग हलेना. म्हटलं, बोट काही माझ्यासाठी थांबायची नाही. रांग सोडली आणि गावात जाऊन हा घेतला. दगडाऐवजी चेंडू!’’

त्यांचा दिवस रेडिओच्या खोलीत जाई, कान ५०० किलोहर्ट्झवर. संकटात सापडलेल्या जहाजाने हाक मारायची ती याच लहरीवर. तासातून दोनदा, पंधरा आणि पंचेचाळीस मिनिटांनंतर, तीन-तीन मिनिटे जगातल्या सगळ्या जहाजांनी तिथे गप्प बसायचे, म्हणजे कोणाची क्षीण हाक असेल तर ऐकू येईल. रेडिओच्या खोलीतल्या घड्याळावर ती मिनिटे लाल रंगाने दाखवलेली असत. मला ती तीन मिनिटांची शांतता ऐकून पॅनापेट क्षणभर विसरायला झाले. आज कुठल्या लहरीवर जग ठरवून तीन मिनिटे गप्प बसते?

‘‘मग दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाला घरी आणखी एक रेडिओ कशाला हवा होता?’’ मी विचारले.

‘‘त्याचा आणि रेडिओचा संबंधच नव्हता हो. आमच्या कामाच्या रेडिओला माणूस भीत असे. हा बघून हसू यायचं. शिवाय बायकोला काय न्यायचं, हा प्रश्न होताच.’’ आतून वहिनी म्हणाल्या, ‘‘मला साडी चालली असती.’’

चेंडू मुंबईत आल्यावर त्याचेही लायसन्स काढावे लागले. तेव्हा प्रत्येक रेडिओला पोस्टातून लायसन्सचे पुस्तक घ्यावे लागे आणि दर वर्षी पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकात ते बंद झाले. खिडकीतल्या कारकुनाने आधी चेंडू उलटासुलटा करून पाहिला, मग शेजारच्याला दाखवला, मग सगळ्या पोस्टाने पाहिला. लायसन्सपेक्षा चहाच जास्त वेळ चालला, म्हणाले.

त्याच प्रदर्शनातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पॅनापेट बनवणाऱ्या मात्सुशिता कंपनीने मैनिची वृत्तपत्रासोबत एक कालकुपी केली. त्या काळच्या संस्कृतीच्या २,०९८ वस्तू धातूच्या भांड्यात बंद करून ओसाकाच्या किल्ल्याच्या आवारात पुरल्या. उघडायची कधी, तर पाच हजार वर्षांनी, इसवी सन ६९७० मध्ये. एकीकडे पाच हजार वर्षांचा बंदोबस्त करणाऱ्या कंपनीचा दुसरीकडे दुकानात ठेवलेला चेंडू पन्नास वर्षांत तुपाच्या रंगाचा होतो. मला यात विसंगती दिसत नाही. भविष्यावर त्या लोकांचा दोन्ही तऱ्हेने विश्वास होता, पुरून ठेवण्याइतका आणि बोटाला अडकवून मिरवण्याइतका.

आता वेल्ट्रॉनकडे येतो, कारण खरा खर्च आणि खरा धूर त्यातच झाला.

वेल्ट्रॉन ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली, डरहॅम गावची कंपनी. यंत्रे मात्र जपानात बनत. १९७० च्या सुमाराचे तिचे २००१ हे मॉडेल म्हणजे या छंदातले मानाचे पान. नाव कुठून आले हे सांगायला नको. स्टॅन्ली क्युब्रिकचा चित्रपट दोनच वर्षांपूर्वी, १९६८ मध्ये, येऊन गेला होता. अंतराळवीराचे शिरस्त्राण कापून समोर काळी काच बसवावी तसा हा गोळा, मोठ्या कलिंगडाएवढा. त्यात एएम आणि एफएम रेडिओ, दोन स्पीकर, आणि मधोमध एट-ट्रॅकची खाच. घरच्या विजेवर, सेलवर किंवा मोटारीच्या बॅटरीवर चालतो. ब्रिटनमध्ये हाच प्रिन्झसाउंड या नावाने विकला गेला.

एट-ट्रॅक आपल्याकडे फारसे आले नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. १९६४ मध्ये बिल लिअर या माणसाने, हो, खासगी जेट विमाने बनवणाऱ्या लिअरनेच, मोटारीत गाणी ऐकता यावीत म्हणून हे कार्ट्रिज बाजारात आणले. पाठोपाठ फोर्डने आपल्या गाड्यांत तो प्लेअर देऊ केला. कार्ट्रिज जाड पुस्तकाएवढे. आत पाव इंच रुंदीच्या टेपचे एकच वेटोळे, आणि तिची दोन टोके एकमेकांना चिकटवलेली. टेप वेटोळ्याच्या पोटातून बाहेर निघते, हेडवरून जाते आणि बाहेरच्या अंगाला पुन्हा गुंडाळली जाते. अखंड. स्वतःवरच घासत राहते, म्हणून तिच्या पाठीला ग्रॅफाइटचा थर असतो. टेपच्या रुंदीत आठ पट्ट्या, स्टिरिओ म्हणून दोन-दोनच्या जोड्या, म्हणजे चार कार्यक्रम. सांध्यावर धातूचा एक पातळ पत्रा चिकटवलेला असतो. तो आला की आतले चुंबक हेडला खटकन पुढच्या जोडीवर सरकवते.

ही ‘खटाक’ ऐकल्याशिवाय एट-ट्रॅक कळत नाही. चारही कार्यक्रम सारख्या लांबीचे असायला हवेत. गाणी कुठे सारख्या लांबीची असतात? मग गाण्याचा क्रम बदलायचा, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर गाणे मध्येच तोडायचे. आवाज हळूहळू विरतो, खटाक, आवाज हळूहळू परत येतो, गायक त्याच ओळीत उभा. मागे नेणे नाही. पुढे पळवायचे म्हटले तरी बहुतेक यंत्रांत तीही सोय नाही. आपल्याकडे हे रुजले नाही, ते बरेच झाले. विलंबित ख्याल रंगात आला आहे, तबलजी समेकडे निघाला आहे, आणि सम यायच्या आत खटाक! मैफलीतून लोक उठून गेले असते.

माझा वेल्ट्रॉन न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या आतेभावाने आणला. एका घरासमोर जुन्या वस्तूंची विक्री लागली होती, तिथे त्याला दिसला. सामानात स्वतःचे कपडे कमी करून त्याने तो पुण्यापर्यंत पोचवला. विमानतळावर क्ष-किरणांच्या पडद्यावर माणसाच्या डोक्याएवढे डोके आणि त्यात तारा दिसल्या, तेव्हा जे व्हायचे ते झाले. ‘‘दादा, मी त्यांना म्हटलं गाणी वाजवतो हा. तर म्हणाले, वाजवून दाखवा. आता तिथे एट-ट्रॅकची कॅसेट कुठून आणू?’’

घरी आणल्यावर मी काय केले असेल? नव्या मोटारीला हार घालावा तशा उत्साहात प्लग लावला. अमेरिकेची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. हे मला माहीत होते. या विषयावर मी दोन जणांना सल्लाही दिला होता. पहिली दोन सेकंद शिरस्त्राणाच्या आत एक सुंदर नारिंगी उजेड पडला, मग गुंऽऽ असा आवाज, मग वास. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास एकदा नाकात बसला की आठवडाभर वरणातसुद्धा येतो.

या छंदात विजेच्या अशा गमती बऱ्याच आहेत. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरवता येतात, पण अमेरिकेच्या विजेची कंपने सेकंदाला ६०, आपली ५०, ती तशीच राहतात. तिकडचा एसी मोटरचा जुना रेकॉर्ड प्लेअर इकडे लावला तर तबकडी सहाऐवजी पाचच पावले टाकते. पांढरी पाचमधले गाणे उतरून पांढरी तीनला येते आणि बाईंचा आवाज बुवांचा होतो. जपानात त्या काळी तिथल्यासाठीच बनलेला एफएम संच आणलात तर तो ७६ ते ९० मेगाहर्ट्झ ऐकतो. आपली स्टेशने ८८ ते १०८ वर. जवळजवळ सगळा पट्टा शांत. एएम मात्र कुठलाही आणा, कुठेही लावा, बोलतो. पॅनापेट अजून बोलतो तो एवढ्यामुळेच.

जळका वेल्ट्रॉन आणि नुसता खरखरणारा पॅनापेट असे दोन गोळे पिशवीत घालून मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथे एक काका आहेत. दुकान म्हणजे दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबावे, एवढे. त्यांनी आधी पॅनापेट उघडला. मी मान पुढे केली. खरे सांगायचे तर आत काहीतरी चंद्रावरचे असेल, अशी माझी अजून आशा होती.

‘‘अहो, हा तर आपला साधा एक बँडचा ट्रान्झिस्टर,’’ काका म्हणाले. ‘‘गँग, कांडी, तीन आयएफ. बाकी हवा आहे आत.’’

हे वाक्य मी गेली काही वर्षे मनात घोळवतो आहे. कातडी खोळीतल्या, आजोबांच्या खुंटीवरच्या रेडिओत जे होते तेच यात होते. नवे काही असेल तर ते फक्त कवच. साच्यात ओतून कुठलाही वळणदार आकार कमी पैशात काढता येतो, ही प्लास्टिकची किमया होती. इटलीतल्या मारिओ बेलिनीने १९६८ मध्ये केलेला ‘पॉप’ हा रेकॉर्ड प्लेअर घ्या. नारिंगी, हातात धरायच्या पिशवीसारखा, खाचेत ४५ फेऱ्यांची तबकडी सरकवली की वाजायला लागतो. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे तो. तिथेही आत सुई आणि मोटर, दुसरे काही नाही. म्हणून मी या वस्तूंना फसव्या म्हणत नाही, पोशाखी म्हणतो. लग्नातल्या फेट्याने नवऱ्या मुलाच्या डोक्यात काही वाढत नाही, पण फेटा खोटा नसतो.

अवकाशात खरोखर गेलेले गाण्याचे यंत्र मात्र कसे होते, पाहा. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांनी सोनीचा टीसी-५० नेला होता. नोंदी लिहिण्याऐवजी बोलून ठेवायला दिलेला हा कॅसेट रेकॉर्डर. गाणीही भरून नेली जात. दिसायला कसा, तर करडी चपटी डबी. कारकुनाच्या खिशात शोभेल अशी. शिरस्त्राण नाही, तबकडी नाही, साखळी नाही. चंद्राच्या वाटेवर गाणी वाजली ती त्या डबीतून, आणि चंद्र दिसणारा गोळा दिवाणखान्यात राहिला.

पुढेही डब्यांचेच राज्य आले. १९६३ मध्ये फिलिप्सच्या लू ओटेन्स यांनी बर्लिनच्या प्रदर्शनात आणलेली कॅसेट मुळातच चपटी आणि चौकोनी. तिच्याभोवती गोळा बांधण्यात अर्थ नव्हता. डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावरची शेवटची फेरी झाली. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले, आणि तेलापासून होणाऱ्या प्लास्टिकची मजा एकदम महाग वाटू लागली. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन आला, निळा-रुपेरी, ३३,००० येनचा. त्याला हेडफोनची दोन भोके होती, दोघांनी मिळून ऐकायला, आणि मध्ये एक नारिंगी बटण, ते दाबले की गाणे दबून बाहेरचे बोलणे ऐकू यावे. एकट्याने गाणे ऐकणे लोकांना शिष्टपणाचे वाटेल, अशी कंपनीला धास्ती होती. वॉकमनवाले संग्राहक वेगळे, त्यांचा-आमचा फारसा रोटीबेटी व्यवहार नाही. ते आवाजाबद्दल बोलतात. आम्ही आवाजाचा विषय निघाला की चहा मागवतो.

जमवायचे म्हणाल तर अडचणी कंटाळवाण्या आहेत, पटकन सांगून टाकतो. रबरी बेल्ट डांबरासारखे वितळतात. कार्ट्रिजमधला फोमचा तुकडा हाताला लागताच पीठ होतो, सांध्यावरचा पत्रा सुटतो आणि सगळी टेप यंत्राच्या पोटात जाते. म्हणून जुने कार्ट्रिज आधी उघडून सांधा नवा करायचा, मगच लावायचे. सेल आत विसरले असतील तर हिरवी बुरशी, तिला व्हिनेगर. पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या प्लास्टिकला काही जण हायड्रोजन पेरॉक्साइड फासून उन्हात ठेवतात. पांढरे होते, पण पिवळेपणा पुन्हा परतू शकतो. मी ते केलेले नाही. तुपाचा रंग मला आवडतो, आणि शिवाय माझा स्वतःवर विश्वास नाही. वर धुराची हकिकत वाचलीतच.

काकांनी वेल्ट्रॉनला नवा ट्रान्सफॉर्मर बसवला, आपल्या विजेवर चालणारा. मागच्या बाजूला जाड मार्करने ‘२३०’ असे मराठीत लिहूनही दिले, कोणासाठी ते मी विचारले नाही. पॅनापेटची स्टेशन लावायची गँग साफ करायची होती. ‘‘आठवडाभराने या,’’ म्हणाले.

आठवड्याने गेलो तर चेंडू दुकानाच्या तोंडाशी खिळ्याला साखळीने टांगलेला. बंदच होता. पैसे देताना काका म्हणाले, ‘‘राहू द्या ना अजून चार दिवस. लोक शिस्तीत वागायला लागलेत.’’

मला कळेना. तेवढ्यात वायर घ्यायला एक मुलगा आला, विशीतला. काउंटरवर कोपर टेकून भावासाठी घासाघीस करू लागला होता. बोलता बोलता त्याची नजर वर त्या पांढऱ्या गोळ्याकडे गेली. त्याने कोपर काढून घेतले, केसांवरून हात फिरवला, आणि सांगितले तेवढे पैसे मोजून दिले.